जुनी फोर बाय फोर घेताना आणि सांभाळताना: सातारा-सांगलीकरांचे अनुभव

जावळीकर

पावसाळा तोंडावर आला की "जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) घेऊ का?" असं विचारणारे वाढतात. विकणारा इंजिन ऐकवतो, नवे टायर दाखवतो. पुढचा एक्सल खरंच काम करतो का, हे बघायला कोणी वाकत नाही. म्हणून हा धागा काढतोय. गाडी कोणती, कुठल्या रस्त्याला चालते, घेताना खालून काय पाहिलंत आणि आता खर्च कशावर होतो, ते लिहा. दोन्ही जिल्ह्यांतले अनुभव हवेत, कारण आमच्याकडच्या लाल चिखलात चालणारी गाडी कृष्णाकाठच्या काळ्या रानात तशीच चालेल असं नाही.

सुरुवात मी करतो. माझी थार जुन्या पिढीतली, २०१० साली आलेली सीआरडीई डिझेल. घर मेढ्याच्या पुढे, शेवटचा टप्पा कच्चा आणि खड्या चढाचा. गाडी बघायला गेलो तेव्हा मालकाला म्हटलं, आधी मातीच्या मोकळ्या जागेवर चला. तिथे फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) लावली, स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि अगदी हळू गोल फिरवली. या गाड्या पार्ट टाइम, म्हणजे फोर बाय फोर गरजेपुरती दांड्याने लावायची. पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (डिफ), म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच, नसतं. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे फोर बाय फोर खरोखर लागली असेल तर गाडी आखडते, चाकं घासटत येतात. मोकळी फिरली, तर डॅशवरचा दिवा पेटलेला असला तरी पुढे ताकद जात नाहीये असं समजा. याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावू नये. चाकांना घसरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण शाफ्टवर आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर, म्हणजे ट्रान्सफर केसवर येतो.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळी तेलं बदलली: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफ, मागचं डिफ. मागच्या मालकाने काय केलं होतं ते त्याला विचारून कळत नाही, निघालेल्या तेलावरून कळतं. काळं असेल तर जुनं, दुधाळ असेल तर आत पाणी गेलेलं, चमचमतं असेल तर आतला धातू झिजतोय. आणि एक सवय मी मोडत नाही: उन्हाळ्यातसुद्धा महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर फोर हाय आणि फोर लो (कमी वेग, जास्त जोर) दोन्ही लावून थोडं चालवतो. वर्षभर दांड्याला हात न लावलेली फोर बाय फोर ऐन पावसात लागत नाही.

पाटणखोरे

जिप्सी किंग, ऑफ-व्हाइट, हार्डटॉप. जिप्सी १९८५ पासून होती, तेराशे सीसीची किंग १९९६ ला आली. वजन हजार किलोच्या आसपास, आणि सगळी जादू त्या हलकेपणात आहे. ढेबेवाडीच्या वरच्या वाड्यांकडे जाताना जड गाड्या रुतून बसतात तिथून ही निघून जाते. पेट्रोल भरपूर पिते. चारही बाजूंना पाटे, त्यामुळे कंबरेचा त्रास असलेल्याने घेऊ नये, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

जुन्या जिप्सीत इंजिनाच्या आधी चेसिस बघा. आमच्याकडे पाऊस इतका की पत्रा आतून खातो. खालून ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं की मी छोटी हातोडी घेऊन ठोकत जातो. चांगला पत्रा टणटण वाजतो, खाल्लेला बद्द वाजतो. पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला बसतात ती जागा आणि बॉडीचे माउंट नीट बघा, तिथे वेल्डिंगचे ठिगळ असेल तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. मग शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे. गाडी उभी करून शाफ्ट हाताने हलवायचा, खेळ लागला तर क्रॉस गेलेत. पुढे-मागे गिअर टाकताना ठण्ण आवाज येतो तो बहुतेक वेळा तिथलाच. क्रॉस ही फार महागाची गोष्ट नाही, भाव पाडायला उपयोगी पडते.

कागदांचं एक लक्षात ठेवा. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं, ते पाच वर्षांचं मिळतं आणि हरित कर भरावा लागतो. आरसीवरची मुदत संपत आलेली गाडी असेल तर पासिंग मालकाकडून करून घ्या, मगच पैसे द्या. तेच लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांचं. गाडी कितीही देखणी असो, इथल्या आरटीओचं आरसी हातात आल्याशिवाय ती घेऊ नये.

कृष्णाकाठ, सांगली

माझा अनुभव गाडी न घेतल्याचा आहे, पण तो इथे यायलाच हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. जुलै २०२१ ला पुन्हा महापूर. तळघरांत, बोळांत उभ्या असलेल्या किती गाड्या बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या काही धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून बाजारात परत आल्या.

मला दाखवलेली एसयूव्ही दिसायला झकास होती. मी सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा भाग स्वच्छ, आतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. सीटखालचे रूळ गंजलेले, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात सुकलेला गाळ, मॅटखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर. विकणारा म्हणाला, "साहेब, फोर बाय फोर आहे, पाण्यातूनच चालायची गाडी." हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून नीट सांगतो. ओढ्यातून मिनिटभरात पार होणं वेगळं आणि पुराच्या पाण्यात दिवसच्या दिवस उभं राहणं वेगळं. डिफला आणि ट्रान्सफर केसला हवा खेळायला बारीक ब्रीदर असतो. पाणी त्याच्या वर राहिलं, किंवा गरम डिफ एकदम गार पाण्यात गेलं, की पाणी आत ओढलं जातं. साध्या गाडीत पुराने एक मागचं डिफ जाईल, इथे दोन डिफ, ट्रान्सफर केस, जादा शाफ्ट आणि ते लावणारी मोटर, सगळंच पाण्यात असतं.

मी तिथेच मागच्या डिफचा फिलर प्लग उघडायला सांगितला. मालकाने नकार दिला. मी उठून आलो. प्लग उघडू न देणाऱ्याशी पुढचं बोलणंच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विम्याबद्दल: पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर घ्या. आणि बुडालेली गाडी "बघू चालू होते का" म्हणून स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

वाईकर ताई

सगळे दांड्याच्या गाड्यांबद्दल लिहितायत, म्हणून माझ्या डस्टर ऑल व्हील ड्राइव्हबद्दल. २०१४ ला आली होती, डिझेल, सहा गिअर, पहिला गिअर मुद्दाम छोटा. फोर लो नाही, पण त्या छोट्या पहिल्या गिअरवर पसरणीच्या वरची आमची शेतवाट भरल्या गाडीने चढते. नॉब ऑटोवर ठेवला की एरवी पुढची चाकं ओढतात, घसरायला लागली की मागे ताकद जाते. जावळीकर दादा, तुमचा डांबराचा नियम इथे लागू नाही. ऑटोमध्ये ती कुठेही चालवता येते. पुढे-मागे ताकद बांधून ठेवणारा लॉक मात्र चिखलापुरता.

या प्रकारच्या जुन्या गाडीत मी सगळ्यात आधी टायर बघेन. चारही एका कंपनीचे, एका मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढे दोन नवे, मागे दोन गुळगुळीत असतील तर चाकांचा घेर वेगळा पडतो, गाडीला सतत वाटतं की चाक घसरतंय, आणि मागे ताकद पाठवणारा मधला क्लच तापत राहतो. मी चाकं ठरावीक अंतराने मागची पुढे करून घेते आणि बदलताना चारही एकदम बदलते. खर्च एका दमात येतो, त्याची तयारी आधीपासून ठेवते. डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून चालते.

गलाईवाला, विटा

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्याने देशभर आहेत, त्यामुळे दिल्लीकडची गाडी हा आमच्या घरोघरीचा विषय. तिकडे दहा वर्षं झालेल्या डिझेलवर बंदी आली, म्हणून चांगल्या चांगल्या फोर बाय फोर स्वस्तात निघाल्या. माझी स्कॉर्पिओ तशीच आली. गाडी गल्ल्यांत चाललेली, फोर बाय फोरचा दांडा जणू कोराच. क्लच मात्र ट्रॅफिकमध्ये संपलेला.

हिशोब करताना गाडीची किंमत शेवटी धरा. आधी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, मग इथला रोड टॅक्स, एमएच १० चा नंबर आणि एजंट. सगळं मिळून इथल्याच गाडीइतकं जात असेल तर इथलीच घ्या, कारण तिचा मिस्त्री तुम्हाला भेटू शकतो.

काळं रान, तासगाव

भावांनो, मी थोडं उलटं सांगतो. आमच्या काळ्या मातीत मोठा पाऊस झाला की टायरच्या खाचा एका फेऱ्यात भरतात आणि चारी चाकं जागेवर फिरतात. रस्त्याचे टायर घातलेली फोर बाय फोर तिथं काही करू शकत नाही. मी टायर बदलले, मोठ्या खाचांचे घातले, माप कंपनीचंच ठेवलं. आता बागेपर्यंत जाते. त्याहून जास्त पाऊस झाला की ट्रॅक्टर. द्राक्षबागेला वर्षातनं चार दिवस लागणाऱ्या गाडीसाठी कर्ज काढू नका, असं आमच्या पोरांना मी सांगत असतो.

आणि जाहिरातीत 'थार' वाचून पळू नका. २०२३ पासून नवीन थार नुसती मागच्या चाकांवर चालणारीसुद्धा मिळते. आत दुसरा दांडा आहे का बघा.

सडा

कास, चाळकेवाडी, ठोसेघरच्या बाजूला फिरणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे. गाडी जाते म्हणून सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) घालू नका. जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो. सीतेची आसवं, दवबिंदू ही रानफुलं त्यावरच येतात. एका गाडीच्या चाकोरीने पाण्याची वाट बदलते आणि त्या पट्ट्यात पुढच्या वर्षी फुलं येत नाहीत. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण बाजूच्या सड्यांना राखणदार नाहीत, तिथे आपणच आपल्याला आवरायचं. चिखलात सराव करायचा तर ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक रानात करा.

कराडहून नवीन

सगळ्यांचं वाचलं. एक विचारतो. एमएच ५० पासिंगची जिप्सी बघितली, चेसिस टणटणीत, इंजिन गोड. पण पुढचा शाफ्टच काढून ठेवलाय. मालक म्हणतो, मायलेजसाठी काढला, घरात आहे. घ्यावी का?

पाटणखोरे

दादा, शाफ्ट घरात आहे तर बसवून दाखवा म्हणावं, अर्ध्या तासाचं काम आहे. बसवल्यावर जावळीकरांनी सांगितलंय तशी मातीत गोल फिरवा. आखडली आणि पुढच्या डिफमधून घरघर आली नाही तर घ्या. पुढच्या चाकांच्या गाठीतून तेल गळतंय का तेही हात लावून बघा. बसवायला टाळाटाळ केली तर पुढचं डिफ गेलंय असं धरून भाव करा, नाहीतर सोडून द्या. रविवारी मी कराडला आहे, हातोडी घेऊन येतो.