तुमची सायकल कोणाच्या हातात देता? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

टिळकवाडी, धागाकर्ती
आपल्या भागातल्या सायकलवाल्यांनो, एक सांगा. मोबाइलवर तोच पार्ट स्वस्त दिसत असताना तुम्ही गावातल्या दुकानातून का घेता? घेत नसाल तर तेही लिहा. दुकानदाराचं नाव-नंबर नको, त्यांनी काय काम केलं ते सांगा.

माझं कारण हे. राजहंसगडाच्या चढाला पेडल मारताना खालून कट्-कट् आवाज यायचा. दुकानातल्या काकांनी पाना हातात घेतलाच नाही. मला दुकानासमोर सायकल चालवायला लावली, मग म्हणाले, "आता उभी राहून मार बघू." आवाज बंद! म्हणजे दोष पेडलमध्ये नव्हताच, सीटच्या दांड्यात होता. दांडा काढून पुसला, ग्रीस लावलं, झालं. असा कान पार्सलमधून येत नाही.

वडगाव
वडील उद्यमबागेत फाउंड्रीत होते. त्यांची काळी २८ इंची सायकल, पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, कारण वजन सगळं मागे. खड्ड्यात मागची रिम वाकली तर दुकानदार नवं चाक घ्या म्हणत नसत. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, तोच ठेवायचा, रिम नवी, तारा एकेक करून भरायच्या, मग चाक फिरवत कुठे पाव आटा, कुठे अर्धा आटा देत आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचा. वडील चहा घेत तिथंच बसायचे. छर्रे आणि कोन बदलत गेले, हब अजून तोच आहे आणि सायकल आता मी चालवतो.

मेहुण्याची नवी सायकल खोक्यातून आली, घरीच जोडली. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उलटा बसलेला! वळताना पायाची बोटं चाकाला घासायची. याच दुकानदारांनी त्याला रस्त्यात थांबवून खाली उतरवलं. सायकल त्यांनी विकलेली नव्हती, तरी.

जांबोटी
गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. मी चोर्ला घाटात जातो हे ठाऊक असल्यामुळे सायकल देतानाच दुकानदारांनी एक जादा हँगर घ्यायला लावला. घाटात सायकल आडवी पडून हँगर तुटला, तेव्हा दुसरा पिशवीत होता.

खानापूर तालुका
कर्नाटकात २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना सरकारकडून सायकली मिळू लागल्या, त्यात मलाही मिळाली. ती चालती ठेवली आमच्या फाट्यावरच्या मामांनी. पावसाळ्यात लाल चिखल चेनीत जाऊन बसायचा. मामा चेन रॉकेलनं धुवायचे, पुसून तेल सोडायचे. रांग असली तरी मुलींच्या सायकली आधी, कारण अंधार पडायच्या आत आम्हाला घर गाठायचं असायचं. पैसे बाबा बाजाराला आले की द्यायचे. लेकीची सायकल मामांकडूनच घेतली. भाव विचारला, केला नाही.

निपाणी
मी जरा वेगळं लिहितो. रोड बाइकचा टायर इथं दरवेळी मिळत नाही. मग कोल्हापूर गाठा, नाहीतर मागवा. मी मागवतो. पण बसवून इथंच घेतो आणि मजुरीत घासाघीस करत नाही. नुसत्या पंक्चरवर दुकान चालत नाही ओ! नवी सायकल, टायर, हेल्मेट खपलं तरच गाळ्याचं भाडं निघतंय. ट्यूब, केबल, ब्रेकचे रबर त्यांच्याकडं असतात, मग ते बाहेरून कशाला आणायचे? नसेल ते "आणून देता काय?" असं आधी विचारा तरी.

चिकोडी
आमचे सायकलवाले अण्णा कन्नड, मी मराठी. चाक फिरवलं की दोघांनाही कळतं. हवा भरायला आलेल्या पोरांना ते ब्रेक दाबून बघितल्याशिवाय सोडत नाहीत.

टिळकवाडी, धागाकर्ती
निपाणीकर, पटलं. आमच्या रविवारच्या ग्रुपनं ओव्हरहॉलिंग एप्रिल-मेमध्येच करून घ्यायचं ठरवलंय. शाळा उघडल्या की काकांकडे शाळेच्या सायकलींची रांग लागते, त्याआधी त्यांचे हात मोकळे असतात. काम आधी सांगायचं, पैसे सायकल नेतानाच द्यायचे. चिकोडीकर, अण्णांकडे २७.५ इंची टायर मिळतील का? मैत्रिणीला दोन हवेत.