घड्याळ गुरगुरलं की चालायचं?

केळीपट्टा
काल इथे एकाने लिहिलं: "खान्देशी माणूस पानटपरीलाही फटफटी काढतो. स्मार्टवॉच बांधा, रोज दहा हजार पावलं टाका, घड्याळ सांगेल तेव्हा मिनिटभर श्वासाकडे लक्ष द्या, सजगता आपोआप येते." वाचून डोकं फिरलं.

पोराने दिलेलं घड्याळ बांधून मी केळीच्या कापणीला गेलो. सकाळभर खांद्यावर घड, वरून हाताने धरलेला, बागेतून ट्रॅक्टरपर्यंत ये-जा. हात हलतच नाही, तर ते मोजणार काय? नऊशे पावलं! संध्याकाळी रावेरहून मोटरसायकलने आलो, खड्ड्यांत हॅंडल थरथरलं, तर बाराशे वाढली. वर दुपारी बांधावर पाणी प्यायला टेकलो तर गुरगुरलं: उठा, चाला. अरे बाबा!

आणि दहा हजार हा आकडा कोणा डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर.

मेहरूणकर
भाऊ, घड तुम्ही वाहता. मी दिवसभर काउंटरवर बसतो. मेहरूण तलावाला फेरी मारायचं दहा वर्षं ठरवत होतो. घड्याळ आल्यावर तीन महिन्यांत सवय लागली, शुगरही उतरली. तुमचा रस्ता खराब, त्यात घड्याळाचा काय दोष?

केळीपट्टा
मग दहाच हजार कशाला? अमेरिकेतला २०१९ चा अभ्यास बघा. सरासरी ७२ वयाच्या बाया. रोज ४,४०० पावलांच्या आसपासही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही.

मेहरूणकर
आणि हे कळलं कसं? त्या बायांच्या कंबरेला यंत्र लावूनच ना? जय हो.

पांझराकाठ
शुगरचं राहू द्या, सजगतेचं बोला. गेल्या चैत्रात धुळ्याहून वणीला पायी गेलो. ऊन नको म्हणून रात्री चालायचं. आमच्यातला एक पोरगा दर अर्ध्या तासाला मनगट उजळवायचा नि ओरडायचा, "अठ्ठावीस हजार!" आईचं नाव कोणी घेईना, सगळे आकडाच विचारू लागले. एक म्हातारी म्हणाली, "पाय मना दुखतस अन् मोजस घडी."

तापीमाय
दादा, त्या पोराच्या मनगटाचा उजेड तुम्हाला खुपला. मागून येणाऱ्या डीजेच्या गाडीचं काय? आमच्या मंडळाबरोबर दोन रात्री तो दणदणाट होता. ताक पिऊन टाकलेले ग्लास रस्ताभर. तिथे कुठे जाते तुमची सजगता?

पांझराकाठ
सगळीच मंडळं तशी नसतात. आमच्यात डीजे नव्हता.

तापीमाय
ग्लास होते ना? कोणी उचलले?

पांझराकाठ
ताई, चार दिवस चालून बघा, मग शिकवा. घरी बसून श्रद्धेला नावं ठेवणं सोपं आहे.

तापीमाय
दोन वर्षं चालले आहे, मालेगावच्या पुढे टाचेचं कातडं सोलून निघालं होतं. आणि श्रद्धेला नाही, ग्लासांना नावं ठेवली. नीट वाचायलाही सजगता लागते, भाऊ.

केळीपट्टा
अहो, धागा घड्याळाचा आहे! हवं तर मुक्ताईची पालखी घ्या. मुक्ताईनगरहून पंढरपूर, महिन्याहून जास्त चाल. टाळ आणि पाऊल एकत्र पडतं. तिथे श्वास घ्यायची आठवण कोण करून देतं?

तापीमाय
टाळच करून देतो की. तो हातात, हे मनगटाला.

केळीपट्टा
टाळाला चार्जर लागत नाही.

मेहरूणकर
वारी वर्षातून एकदा. बाकीचे अकरा महिने काय करू? मे महिन्यात जळगावात सकाळी आठला रस्ता तापतो. पाचला उठायला मला मनगटावरची गुरगुरच लागते. बायकोने हाक मारली तर मी कूस बदलतो.

पांझराकाठ
म्हणजे वहिनींपेक्षा घड्याळाचा धाक जास्त. हे मान्य करायला धाडस लागतं.

तापीमाय
माझ्या जावेचं सांगते. उन्हात चालताना घड्याळात ठोके १५० च्या वर दिसले, तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. घड्याळ नसतं तर ती चालतच राहिली असती, हट्टी आहे.

केळीपट्टा
बरं. ठोक्यांपुरतं मान्य. जावेला नमस्कार सांगा. पावलांचं मात्र मानणार नाही. परवा पुन्हा कापणी आहे, मेहरूणकर, तुमचं घड्याळ बांधून या. घड मी देतो, आकडा तुम्ही वाचा.

मेहरूणकर
येतो. पण बसने. मोटरसायकलने आलो तर कापणीआधीच माझा कोटा पूर्ण व्हायचा.