ऊसतोडीची कादंबरी पोरीच्या तोंडून की निवेदकाच्या?

बालाघाट: कादंबरी लिहितोय. बीडच्या डोंगरपट्ट्यातलं कुटुंब दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर जातं, सोबत १० वर्षांची पोरगी. माझ्या मते निवेदन तिचंच हवं. प्रथमपुरुषी, आपल्या बोलीत. सर्वसाक्षी निवेदक आला की पहिल्या पानापासून कळवळा सुरू होतो.

मांजराकाठ: नाही पटत. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे किती, खाडे किती कापले, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी मुकादमाची (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची) बाकी का फिटत नाही, हे त्या लेकराला कसं कळणार? मग तुम्ही तिच्या तोंडी हिशेब घालणार आणि पोरगी भाषण ठोकायला लागणार. तृतीयपुरुषी लिहा, फक्त तिला सोडून लांब जाऊ नका.

बालाघाट: तिला कळत नाही, तेच तर पाहिजे! नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे हिशेबाला एकच जोडी. माय फडात गेली नाही तर खाडा. पोरीला दिसतं एवढंच, की माय तापानं फणफणलीय अन् बाप तिला उठवतोय. ती बापावर डाफरते. बापाचं गणित वाचकाला कळतं, तिला नाही.

गोदाकाठ: एकाच निवेदकावर का अडून बसलात? 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये कर्णासोबत कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे आपापलं सांगतात. मुकादमालाही बोलू द्या की. त्याच्याही डोक्यावर कारखान्याची उचल असतेच.

मांजराकाठ: तिथं महाभारत आहे, वाचकाला माणसं आधीच ठाऊक. इथं मुकादम अन् पोरगी एकसारखेच बोलले तर सगळं मुसळ केरात.

सीताफळ: बोलीचं बघा आधी. २०० पानं 'व्हतं', 'म्हन्ला' वाचून पुण्याचं सोडा, परभणीचा वाचकही कंटाळेल. बोली संवादापुरती ठेवा.

बालाघाट: 'मही माय उठंना.' आता हेच 'तिची आई उठत नव्हती' असं लिहून बघा.

मांजराकाठ: हे वाक्य एक नंबर, मान्य. पण रात्री मुकादम कोपीबाहेर, म्हणजे त्यांच्या झोपडीबाहेर, बापाला दम देतो, तो प्रसंग कसा आणणार? पोरगी तर झोपलेली.

बालाघाट: झोपेचं सोंग घेईल.

मांजराकाठ: दर वेळी? दिवसभर वाढं (उसाचे शेंडे) गोळा करून धाकट्याला सांभाळलेलं लेकरू आहे ते, भाऊ. पडल्या पडल्या घोरायला लागेल.