मदत हवी आहे : जेफ्री पामरची सुरुवातीची कामं कुठे बघायला मिळतील?

मंडळी, ब्रिटिश टीव्हीवरच्या जेफ्री पामरवर (1927-2020) थोडं लिहायचं आहे. ओघळलेले गाल, कंटाळलेला आवाज आणि हसू कधी न फुटणारा चेहरा, एवढ्यावर या माणसाने अख्खी कारकीर्द काढली! 'फॉल्टी टॉवर्स'मध्ये हॉटेलात पाहुणा मेलेला असतो आणि डॉक्टर झालेले पामर आपल्या नाश्त्याच्या सॉसेजेसची वाट बघत बसतात; तो भाग माझा पाठ आहे. 'बटरफ्लाइज'मधला फुलपाखरं जमवणारा दाताचा डॉक्टर, 'रेजिनाल्ड पेरिन'मधला जेवण मागायला येणारा फौजी मेहुणा आणि ज्युडी डेंचबरोबरची 'ॲज टाइम गोज बाय' (1992-2005) हेही झालं.

घोडं अडलंय ते 1976 च्या आधी. 1970 आणि 1972 मध्ये ते 'डॉक्टर हू'त होते, पण बाकीच्या फुटकळ भूमिकांचा पत्ता लागत नाही. त्या काळच्या कितीतरी टेप बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या, म्हणजे काही गेलंच असणार. जे उरलंय ते भारतातून रीतसर कुठे बघता येईल? त्यांची एखादी सविस्तर मुलाखत माहीत असेल तर तीही सांगा. यूट्यूबवरचे दोन मिनिटांचे तुकडे नकोत, प्लीज.