लाइट एकाच जागी, तरी एका फोटोत बायको उजळ अन् दुसऱ्यात नवरा. असं का होतं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी लग्न झालेल्या जोडप्यांचे फोटो बाहेर मोकळ्यावर काढते. नवी जोडपी कमी, वीस-तीस वर्षं संसार झालेलीच जास्त. वेळ शक्यतो सूर्य मावळायच्या आधीच्या तासाभराची. एकट्या माणसाचा फोटो फ्लॅश लावून मनासारखा येतो, दोघं शेजारी आले की घोळ होतो.

सेटअप असा: ८५ एमएमची लेन्स, एफ/४ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद. जोडपं कॅमेऱ्यापासून साधारण तीन मीटरवर. सूर्य त्यांच्या पाठीमागे डावीकडे. फ्लॅशवर ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), तो डावीकडे, बाईंपासून जेमतेम एक मीटरवर. त्यांचे यजमान उजवीकडे, म्हणजे लाइटपासून अर्धा मीटर आणखी लांब.

दोघं कॅमेऱ्याकडे बघतात तेव्हा बाई उजळ आणि यजमान काळवंडलेले. लाइटला हातही न लावता दोघांना एकमेकांकडे बघायला सांगितलं की उलटं होतं, यजमानांचा चेहरा उडतो आणि बाईंचा अंधारात जातो. फ्लॅशची पॉवर कमीजास्त करून दोन्हीपैकी काहीच सुधारत नाही. शिवाय फोटो बघताक्षणी फ्लॅश मारलाय हे कळतं, ते मला आवडत नाही. उपाय सुचवा.

प्रतिसाद १

रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर एडिटिंगमध्ये यजमानांचा चेहरा तेवढा निवडून (मास्क लावून) एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजळ घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आजकालच्या सेन्सरला तेवढं सहज झेपतं.

प्रतिसाद २

एक-दोन फोटोंना एडिटिंग चालेल, पण अख्ख्या शूटचे फोटो असे सावरत बसू नये असं मला वाटतं. चेहरा वर घेतला तरी सावलीची दिशा तीच राहते, आणि डोळ्यांत लाइटचा ठिपका नसेल तर तो एडिटिंगने येत नाही. हे जागेवरच सोडवण्यासारखं आहे.

ताई, तुमच्या दोन फोटोंची दोन वेगळी कारणं आहेत.

पहिल्यात अंतर नडतंय. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा प्रकाश चौथाई उरतो. बाई १ मीटरवर, यजमान दीड मीटरवर, म्हणजे त्यांच्यावर निम्म्याहूनही कमी लाइट पडतो, एक स्टॉपपेक्षा जास्त फरक. पॉवर वाढवली की दोघांवरचा लाइट सारख्याच पटीत वाढतो, फरक तसाच राहतो. म्हणून पॉवरचं बटण फिरवून काही हाती लागत नाही. हाच लाइट बाईंपासून ३ मीटरवर नेला तर यजमान साडेतीनवर येतात आणि फरक अर्ध्या स्टॉपच्याही आत येतो. फक्त त्यासाठी पॉवर तीन स्टॉपहून थोडी जास्त लागेल, म्हणजे आत्ता १/१६ वर असाल तर १/२ च्याही पुढे जावं लागेल. आणि ९० सेंटिमीटरचा बॉक्स तीन मीटरवरून लहान पडतो, नाकाची सावली कडक होते. दोघांसाठी मी फ्लॅशवर दीड मीटरची छत्री (फोटोग्राफीची, प्रकाश पसरवणारी) वापरतो, वारा असला की स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवूनच. वाऱ्यात छत्री शिडासारखी फुगते, हलका स्टँड तिच्यासकट आडवा होतो आणि खाली माणसं उभी असतात.

मोठी छत्री नसली तरी वाट आहे. लाइट बाजूने काढून कॅमेऱ्याच्या जवळ आणा, डोक्याच्या बराच वर ठेवा. दोन्ही चेहऱ्यांपासून अंतर सारखं झालं की भांडणच मिटलं. माझ्या बॅगेत यासाठी एक सुतळी असते. लाइटच्या तोंडापासून एकाच्या नाकापर्यंत धरायची, मग दुसऱ्याच्या. वीतभर फरक असला तर बॉक्सचं तोंड लांबच्या माणसाकडे वळवायचं, जवळच्यावर कडेचा मंद लाइट पडू द्यायचा. दोघांच्या त्वचेच्या रंगात किंवा कपड्यांत मोठा फरक असेल, एक गडद कोटात आणि एक पांढऱ्यात, तर गडद बाजू लाइटच्या जवळ उभी करा. मग अंतराने प्रकाश कमी होत जातो तेच उपयोगी पडतं.

दुसऱ्या फोटोचं कारण चेहऱ्याची दिशा. बाई यजमानांकडे वळल्या की त्यांची पाठ लाइटकडे होते. यजमान लांब असले तरी त्यांचं तोंड थेट लाइटसमोर येतं. इथे लाइट किती लांब आहे यापेक्षा कोण कुठे बघतंय हे महत्त्वाचं. पूर्ण समोरासमोर उभं करू नका. दोघांचे खांदे कॅमेऱ्याकडे थोडे उघडे ठेवा, फक्त डोकी जवळ आणा. कॅमेऱ्यातून दोघांचेही दोन्ही डोळे दिसले पाहिजेत, की समजायचं लाइटही तिथवर पोचेल. मग नाकाच्या सावल्या बघा. दोन्ही एकाच बाजूला आणि साधारण सारख्याच लांबीच्या असल्या की झालं. उंच माणसाच्या डोक्याची सावली दुसऱ्याच्या गालावर पडत असेल तर स्टँड वर चढवा, ती गालावरून खांद्यावर उतरते.

फ्लॅश कळतो त्याबद्दल. मी आधी फ्लॅश बंद ठेवून मागच्या आकाशाचं एक्सपोजर लावतो, तेही अर्धा-पाऊण स्टॉप अंडर, म्हणजे जरा गडद. चेहरे काळे येतात, येऊ द्यायचे. मग फ्लॅश अगदी कमी पॉवरवर लावायचा आणि चेहरे दिसू लागेपर्यंत थोडा थोडा चढवायचा. चेहरे आकाशापेक्षा उजळ झाले की फ्लॅशचा भास होतो, त्याच्या जरा आधी थांबायचं. शटर आकाशाला आवरतं, पॉवर चेहऱ्यांना. बरेच जण सूर्याच्या विरुद्ध बाजूला फ्लॅश लावतात, तो प्रकार नाट्यमय दिसतो आणि नव्या जोडप्यांना आवडतोही. वडीलधाऱ्या जोडप्यांसाठी मला सूर्याच्याच बाजूचा फ्लॅश पटतो. सूर्य मागे डावीकडे असेल तर लाइट पुढे, कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे. तोच उजेड वळून चेहऱ्यावर आला असं वाटतं.

आणखी एक कळकळीने सांगतो. हे सगळं जोडपं येण्याआधी, असिस्टंटला किंवा आणखी कुणाला त्या जागी उभं करून उरकून ठेवा. तीस वर्षं एकत्र राहिलेल्या माणसांना पोझ द्यावी लागत नाही. ती उभी राहिली की बाई न बघता यजमानांची कॉलर सरळ करतात, आणि ते नेमकी तेवढी मान झुकवतात. ते एकदाच होतं. 'पुन्हा करा' म्हटलं की हात अवघडतो, मान ताठ होते. त्या क्षणी तुम्ही फ्लॅश चालवणाऱ्या ट्रिगरच्या बॅटरीशी झगडत असाल तर ते गेलं. म्हणून मला अचूक लाइटपेक्षा थोडं इकडेतिकडे सरकलं तरी चालेल असा लाइट हवा असतो. लाइट लांब ठेवावा असं मी म्हणतो ते यासाठीसुद्धा. तीन मीटरवर असेल तर जोडपं पावलभर हललं तरी काही बिघडत नाही.

प्रतिसाद ३

वर सगळं आलंय, रंग तेवढा राहिला. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा) असतो, मावळतीचं ऊन ३५०० च्या आसपास किंवा त्याहून पिवळं. केसांवर सोनेरी कड आणि चेहरे निळसर पांढरे, हेसुद्धा फ्लॅश कळण्याचं कारण असतं. फ्लॅशवर हाफ सीटीओ जेल (फिकट नारिंगी पारदर्शक पट्टी) लावा, तो ३८०० च्या जवळ येतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) ऑटोवर ठेवू नका, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो. ४५०० च्या आसपास लॉक करा. झाडाखाली, हिरवळीवर काढताना हनुवटीखाली हिरवा रंग चढतो, तिथून चार पावलं बाहेर या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

खूप आभार! आज शेजारच्या काका-काकूंना उभं करून बघितलं. लाइट पुढे आणून वर चढवला, सुतळीने मापलं, आणि दोघं खरंच सारखे आले. दोन शंका उरल्या. मागचं जास्त मऊ हवं म्हणून एफ/२ वर गेले तर शटर वाढवावं लागतं, आणि १/२०० च्या पुढे फोटोत खाली काळी पट्टी येते. आणि काकांच्या चष्म्यात सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दिसतो.

प्रतिसाद २

पट्टी येते ती शटरच्या पडद्याची. सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वात जलद शटरच्या) पुढे फ्लॅश चमकतो त्या क्षणी सेन्सर पूर्ण उघडा नसतो. हाय-स्पीड सिंक (फ्लॅशचे बारीक झटके सलग मारणारी सोय) लावलं की पट्टी जाते, पण साधारण दोन स्टॉप पॉवर खर्ची पडते. नाहीतर लेन्सवर दोन स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावून शटर १/२०० वरच ठेवा.

पण दोघांसाठी एफ/२ ची गरज आहे का ते आधी बघा. ८५ एमएमवर तीन मीटरवरून एफ/२ ला जेमतेम १५ सेंटिमीटर खोली शार्प मिळते, एफ/४ ला दुप्पट. काकू काकांच्या खांद्यामागून डोकावत असतील तर १५ मध्ये एकाचे डोळे हमखास जातात. एफ/४ वरच राहा आणि जोडप्याला मागच्या झाडांपासून आणखी दहा-पंधरा पावलं पुढे आणा. मागचं आणखी मऊ होईल.

चष्म्याला चेहऱ्यापेक्षा चष्माच हलवणं सोपं. काड्या कानावर किंचित वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि चौकोन निघून जातो. तेवढ्याने भागलं नाही तर स्टँड आणखी वर घ्या आणि हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. चष्मा काढायला मात्र सांगू नका. रोज चष्मा लावणारा माणूस त्याच्याशिवाय डोळे बारीक करतो, आणि घरच्यांना तो चेहरा ओळखीचा वाटत नाही.