ग्राहकाचा अनुभव बिलात घडतो, अ‍ॅपमध्ये नाही

हिशेबनीस

मागच्या आठवड्यात दूरसंचार क्षेत्रातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या एका बैठकीला हजर होतो. तंत्रज्ञान पाहणारे, बिलिंग पाहणारे आणि ग्राहक अनुभवाची जबाबदारी असलेले, सगळे एका टेबलाशी. तीन तास बोलणं झालं. नवं अ‍ॅप, चॅटबॉट, सगळं क्लाऊडवर नेणं, फाइव्ह-जीचं चार्जिंग, म्हणजे वापराचे पैसे लावायची व्यवस्था. या तीन तासांत एकाही ग्राहकाचं एकही बिल कुणी समोर ठेवून वाचलं नाही. तेव्हापासून मनात घोळतंय ते या धाग्यात मांडतोय, पटलं नाही तर खोडून काढा.

कंपनीकडून ग्राहकाकडे दर महिन्याला न चुकता जाणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे बिल. अ‍ॅप तो उघडेल न उघडेल. बिल मात्र तो शेवटच्या आकड्यापर्यंत पाहतोच, आणि आकडा अपेक्षेपेक्षा मोठा निघाला की ओळन् ओळ तपासतो. तरीही आपल्याकडे बिलिंग म्हणजे मागच्या खोलीतलं काम आणि ग्राहक अनुभव म्हणजे दर्शनी भागातलं, अशी वाटणी झालेली आहे. माझ्या मते ही वाटणीच चुकीची आहे.

रोजचं उदाहरण घ्या. समजा ३०० भाड्याचा प्लॅन आहे, त्यात १५ जीबी डेटा. बिलाची सायकल ३० दिवसांची. अकराव्या दिवशी ग्राहकाने ६०० चा, ३० जीबीचा प्लॅन घेतला. भाडं आगाऊ घेतलेलं असतं, म्हणून जुन्या प्लॅनचे २० दिवसांचे २०० परत. नव्याचे २० दिवसांचे ४००. शिवाय पुढच्या महिन्याचे आगाऊ ६००. बेरीज ८००, कर वेगळा. ग्राहकाच्या डोक्यात आकडा आहे ६००.

इथपर्यंत निदान समजावून सांगता येतं. खरी अडचण डेटाची. जिथे भाड्याबरोबर डेटाही प्रोरेटा करतात, म्हणजे दिवसांच्या प्रमाणात वाटतात, तिथे जुन्या प्लॅनच्या १० दिवसांच्या वाट्याला येतात ५ जीबी. ग्राहकाने त्या दिवसांत ७ जीबी वापरलेले असतात. वापरत होता तेव्हा त्याला खात्यात १५ जीबी दिसत होते. प्लॅन बदलल्याबरोबर आधीच्या वापरातले २ जीबी ‘जादा वापर’ ठरतात आणि त्याचे पैसे लागतात. महागडा प्लॅन घेतला म्हणून आपल्याला दंड केला, असं तो म्हणतो, आणि मला त्याचं म्हणणं बरोबर वाटतं. सिस्टिमने कुठेही चूक केलेली नाही. नियमच तसा लिहिलाय, आणि लिहिताना तो ग्राहकाच्या बाजूने कुणी वाचून पाहिला नाही.

नवी तार

रोग बरोबर ओळखलात, औषध मात्र पटलं नाही. तुम्ही बिल सुधारायचं म्हणताय. माझं म्हणणं, महिनाअखेरीच्या बिलावर विसंबणंच सोडून द्यायला हवं.

तपशीलवार बिल ही काही पहिल्यापासूनची गोष्ट नाही. जुन्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक जोडणीला एक मीटर असायचा. त्या मीटरच्या रांगांचे फोटो काढून आकडे उतरवून घेत. ग्राहकाला कळायचे ते फक्त एकूण युनिट. मग सीडीआर आले, म्हणजे प्रत्येक कॉलची स्वतंत्र नोंद. त्या नोंदी मेडिएशन नावाच्या टप्प्यात गोळा करायच्या, रेटिंगला म्हणजे दर लावायला पाठवायच्या आणि सायकल संपली की बिल रन करायचा, म्हणजे सगळी बिलं एकदम काढायची, ही पद्धत रुळली. तंत्रज्ञान कितीदा तरी बदललं, पण पोस्टपेडचा बिल रन बऱ्याच ठिकाणी अजून त्याच वळणाचा आहे.

प्रीपेडने हा प्रश्न कधीच सोडवलाय. डायमीटर म्हणजे नेटवर्क आणि चार्जिंग सिस्टिम एकमेकांशी बोलतात तो प्रोटोकॉल. त्यावरच्या क्रेडिट कंट्रोलचं, म्हणजे शिल्लक पाहून वापर देण्याचं मानक २००५ चं आहे. नेटवर्क चार्जिंग सिस्टिमकडे डेटाचा एक तुकडा मागतं, तेवढे पैसे राखून ठेवले जातात, तुकडा संपत आला की पुढचा मागतं. ग्राहकाची शिल्लक कुठल्याही क्षणी खरी असते. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १५ पासून फाइव्ह-जीमध्ये ऑनलाइन (वापरतानाचं) आणि ऑफलाइन (मागाहूनचं) चार्जिंग एकाच फंक्शनमध्ये आणलंय. साधनं हाताशी आहेत. वापर होतोय त्याच क्षणी हिशेब सांगितला तर महिन्याच्या शेवटी धक्का बसायचं कारणच उरत नाही.

याचा दाखलाही आहे. युरोपीय संघात १ जुलै २०१० पासून रोमिंग डेटाला आपोआप लागू होणारी ५० युरोंची मर्यादा आली, कर वगळून. ८० टक्क्यांना इशारा, मर्यादा गाठली की ग्राहकाने होकार दिल्याशिवाय डेटा बंद. तिथे कुणी बिलाची मांडणी सुधारत बसलं नाही. नळच वेळेवर बंद केला.

तिसरी खिडकी

मी नऊ वर्षं कस्टमर केअरमध्ये आहे. वरचं दोन्ही वाचलं. दोघांनाही एक विचारायचंय. त्या ८०० च्या बिलाचा कॉल येतो तेव्हा माझ्या स्क्रीनवर काय दिसतं, कधी पाहिलंय का?

तीन ओळी दिसतात. ‘भाडे समायोजन’, ‘भाडे’, ‘जादा वापर’. ओळींपुढे आकडे. का, ते नाही. जादा वापर कुठल्या दिवसांचा, कुठल्या मर्यादेवर मोजलेला, यासाठी मला दुसऱ्या विभागाकडे तिकीट टाकावं लागतं आणि उत्तर यायला दिवस जातात. तोवर ग्राहक फोनवर आहे. सेकंदांचा काटा पुढे सरकतोय, कारण माझं मूल्यमापन एएचटीवर होतं, म्हणजे एक कॉल सरासरी किती वेळात संपवला त्यावर.

मग मी काय करते? माझ्या अधिकारात बसेल तेवढं क्रेडिट देऊन टाकते. ग्राहक गप्प होतो, कॉल बंद होतो, माझा आकडा चांगला राहतो. पैसे का लागले ते त्यालाही कळलेलं नसतं, मलाही नाही. पुढच्या वेळी प्लॅन बदलला की तोच माणूस पुन्हा फोन करतो आणि सुरुवातच करतो, ‘मागच्या वेळी तुम्हीच पैसे परत केले होते, म्हणजे चूक तुमचीच होती.’ यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

नवी तार, सगळं क्षणात कळेल म्हणता. प्रीपेडवाल्यांचे कॉलही मीच घेते. ‘सकाळी शिल्लक होती, आता नाही, कुठे गेली?’ हा तिथला रोजचा प्रश्न. शिल्लक क्षणात कापली, पण कशासाठी कापली ते क्षणात सांगितलं नाही, तर माझ्यासाठी काही बदललेलं नाही.

महसूल राखण

इथे सगळ्यांचा सूर एकच लागलाय म्हणून विरोधात लिहितोय. मी रेव्हेन्यू अ‍ॅश्युरन्समध्ये आहे, म्हणजे कंपनीचा महसूल कुठे गळतोय ते शोधणाऱ्या विभागात. बिलिंगची चूक नेहमी ग्राहकाच्याच अंगावर येते असा समज दिसतो. तसं नसतं. जास्त लागलेल्या पैशांची तक्रार येते, कमी लागलेल्या पैशांची कुणी करत नाही. स्विचवर बनलेला सीडीआर मेडिएशनमध्ये अडकला, ज्याचं खातंच सापडत नाही अशा नोंदी सस्पेन्समध्ये साचल्या, सवलतीची मुदत संपूनही ती चालूच राहिली, या गळत्या आम्हीच शोधायच्या असतात. त्यांना आवाज नसतो.

आता प्रोरेटा. हिशेबनीस, तुमच्या उदाहरणात फक्त प्रामाणिक ग्राहक आहे. नियम का लिहिला तेही सांगा ना. डेटा प्रोरेटा केला नाही तर पहिल्या १० दिवसांत १५ जीबी पूर्ण वापरायचे, अकराव्या दिवशी वरचा प्लॅन घेऊन ३० जीबी उचलायचे आणि पंचविसाव्या दिवशी पुन्हा खाली यायचं. भाडं वापरलेल्या दिवसांचं आणि डेटा दोन्ही प्लॅनचा पुरेपूर. हे कल्पनेतलं नाही, अशी खाती मी स्वतः काढून दिलेली आहेत. पळवाट सापडली की ती चारचौघांत सांगितली जाते, आणि भुर्दंड शेवटी सरळ वागणाऱ्या ग्राहकांवरच पडतो.

नवी तार यांनाही एक आठवण. सगळं तत्क्षणी करता येत नाही. रोमिंगच्या नोंदी दुसऱ्या नेटवर्ककडून टॅप फाइलने, म्हणजे कंपन्यांमध्ये अशा नोंदी पाठवायच्या ठरलेल्या फाइलने, मागाहून येतात. फसवणूक पकडायला म्हणून वापराची खबर चार तासांत द्यायची पद्धत आली, तिच्यासाठी वेगळी व्यवस्था उभारावी लागली. डेटा घरच्या चार्जिंग सिस्टिममार्फत जातो तिथे तुम्ही म्हणता तसं जमेल. बाकीचं बिलावर उशिरा येणारच, आणि ते समजावून सांगणारं कुणीतरी लागणारच.

प्लॅन मांडणी

थोडक्यात लिहितो. मी प्लॅन बनवणाऱ्यांच्या बाजूचा, म्हणजे या धाग्यात आरोपी. नवा प्लॅन आणायला काही दिवस लागतात, जुना बंद करायला वर्षं लागतात, कारण त्यावर लोक बसलेले असतात आणि त्यांना हलवलं की तेच दुखावतात. त्यामुळे कॅटलॉग वाढतच जातो आणि प्रत्येक जुन्या प्लॅनचा नियम बिलिंगला सांभाळावा लागतो. हे ओझं आम्ही टाकलंय, मान्य. पण ‘प्लॅन कमी करा’ म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की कुणाचा प्लॅन काढून घ्यायचा.

हिशेबनीस

महसूल राखण, पळवाटेचा मुद्दा मी मांडायला हवा होता, राहून गेला. पण त्या पळवाटेसाठी तुम्ही प्लॅन बदलणाऱ्या प्रत्येकाकडून मागच्या तारखेने वसुली करता, यावर माझा आक्षेप कायम आहे. ग्राहकाला ज्या क्षणी १५ जीबी दाखवले, त्या क्षणी त्या भरवशावर केलेला वापर जादा ठरवू नका. गैरफायदा थांबवायला दोन गोष्टी पुरतात. नव्या प्लॅनचा डेटा उरलेल्या दिवसांपुरता द्या, म्हणजे २० जीबी. आणि त्याच सायकलमध्ये दुसऱ्यांदा बदल नको. तुमचा पंचविसाव्या दिवसाचा माणूस तिथेच अडतो.

नवी तार, युरोपच्या मर्यादेचा दाखला चपखल आहे आणि त्यामुळे माझं मत थोडं बदललंय. वापर चालू असताना सांगितलेलं वाक्य महिन्याच्या शेवटी दिलेल्या दहा स्पष्टीकरणांपेक्षा उपयोगाचं, हे मान्य. पण माझं उदाहरण पुन्हा पाहा. त्या ग्राहकाने मर्यादा ओलांडलीच नव्हती. मर्यादाच मागाहून खाली आली. इशारा कितीही वेळेवर धाडलात तरी तो कशाचा देणार? ७ जीबी वापरले तेव्हा इशारा देण्यासारखं काही घडलंच नव्हतं. नियम वाकडा असला तर वेगवान सिस्टिम तो वाकडेपणाच लवकर पोचवते.

तिसरी खिडकी यांनी लिहिलेलं मला सगळ्यात जास्त लागलं. रेटिंग इंजिनाने प्रोरेटाचा गुणाकार केलेला असतो. किती दिवस, कुठली मर्यादा, कुठला नियम, सगळं त्या क्षणी त्याच्या हातात असतं. आपण पैशांचा आकडा पुढे पाठवतो आणि बाकीचं तिथेच ठेवतो. ‘११ तारखेला प्लॅन बदलला, तोवरचा वाटा ५ जीबी, वापर ७ जीबी’ एवढं आकारणीच्या ओळीबरोबर साठवायला नवी सिस्टिम लागत नाही.

नवी तार

साठवायला लागत नाही, दाखवायला लागते. जुन्या बिलिंगमध्ये एक ओळ वाढवायची तर तिच्याखालचे रिपोर्ट, इन्व्हॉइसचे नमुने, हिशेबखात्याकडे जाणाऱ्या फाइली, सगळं तपासावं लागतं. तुम्ही स्वतः त्या कामात आहात, तुम्हाला माहीत आहे. ज्या घराची डागडुजी इतकी महाग, तिथे डागडुजी करत राहणं मला पटत नाही. तुमचा नियमाचा मुद्दा मात्र खरा. मी आधी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

तिसरी खिडकी

नवं घर बांधून होईपर्यंत फोन मीच उचलणार आहे. ती ओळ बिलावर नका दाखवू हवं तर, फक्त माझ्या स्क्रीनवर दाखवा. आणि एएचटी मोजायचाच असेल तर बिलाच्या कॉलसाठी तो बाजूला ठेवून एवढंच मोजा की याच कारणासाठी तो ग्राहक पुढच्या दोन सायकलमध्ये परत आला का. मला ८०० चं बिल समजावायला सहा मिनिटं लागतात. आकड्यामागचं कारण हातात असताना मी ते समजावलंय, एकदा बिलिंगमधल्या ओळखीच्याने तपशील काढून दिला होता तेव्हा. त्या बाईंनी कागद घेऊन माझ्याबरोबर बेरीज केली, दोनदा. मग म्हणाल्या, ‘हे पटलं नाही, पण कळलं.’ क्रेडिट त्यांनी मागितलंही नाही.

महसूल राखण

एका सायकलमध्ये एकच बदल आणि नवा डेटा उरलेल्या दिवसांपुरता, या अटी असतील तर मागच्या तारखेच्या जादा वापरावरचा माझा आग्रह मी सोडतो. पुढच्या ट्रायल बिल रनमध्ये सायकलच्या मध्ये प्लॅन बदललेली खाती वेगळी काढतो आणि दोन्ही नियमांनी किती फरक पडतो ते मोजतो. फरक किरकोळ निघाला तर प्रस्ताव मीच नेईन. मोठा निघाला तर इथे येऊन भांडेन. आगाऊ भाडं घेणंच सोडा म्हणाल तर मात्र मी हललेलो नाही. ते गेलं तर न भरता निघून जाणाऱ्यांची थकबाकी कुठून भरून काढायची, हे कुणीच लिहिलेलं नाही.

हिशेबनीस

मोजताना एक करा. फरक फक्त रकमेत काढू नका. त्या खात्यांवर त्याच सायकलमध्ये दिलेली क्रेडिट त्याच्यासमोर मांडा. जादा वापराचे म्हणून घेतलेले पैसे किती प्रमाणात तिसऱ्या खिडकीतून परत गेले, तो रकाना मला आधी पाहायचाय. आगाऊ भाड्यावर उद्या लिहितो, तिथे माझंही मत अजून पक्कं नाही.