सोसायटी ग्रुप: हेल्प फाइल नेटवर्कवरून उघडेना

बी-४०२ (खजिनदार): नमस्कार. ऑफिसच्या कॉम्प्युटरची एक अडचण आहे, कोणाला कळत असेल तर मदत करा. हिशोबाचं सॉफ्टवेअर थकबाकीवर चक्रवाढ व्याज लावतंय. उपविधीत सरळव्याज आहे, तेही जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के. सेटिंग कुठे बदलायचं ते हेल्पमध्ये असणार, पण हेल्प उघडली की डावीकडे विषयांची यादी नीट दिसते आणि उजवीकडे कुठलंच पान येत नाही. पान रद्द झाल्याचा इंग्रजी मेसेज येतो. परवा बिलं काढायची आहेत.

सी-२०१: काका, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. फाइल करप्ट झाली असेल.

ए-१०३: काढू नका! डेटाचा बॅकअप घेतलाय का ते आधी बघा. यादी दिसते आणि पान दिसत नाही, म्हणजे फाइल बहुतेक चांगली आहे. काका, ती फाइल आहे कुठे? ऑफिसच्या मशीनवर की दुसरीकडे?

बी-४०२ (खजिनदार): सगळं सॉफ्टवेअर क्लब हाऊसच्या जुन्या पीसीवर आहे. ऑफिसमध्ये ते झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं. तिथूनच चालवतो.

ए-१०३: मग तेच कारण. फाइलच्या नावाशेवटी .सीएचएम आहे ना?

बी-४०२ (खजिनदार): हो.

ए-१०३: आमच्याकडे अंबडला कंपनीत मशीनची मॅन्युअल याच प्रकारात येतात आणि सर्व्हरवर ठेवली की हाच प्रकार होतो. सांगतो. सीएचएम म्हणजे वेबपानांचा एक गठ्ठा, १९९७ पासून विंडोजच्या हेल्पसाठी वापरतात. आतली पानं साध्या वेबपानांसारखीच असतात, त्यात स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, चालतात. त्याचा फायदा घेऊन लोक अशा फाइलमधून व्हायरस पाठवू लागले. म्हणून मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये सुरक्षा अपडेट देऊन नेटवर्कवरच्या सीएचएममधली पानं दाखवणं बंद केलं. यादी वेगळ्या पद्धतीने वाचली जाते म्हणून ती दिसते, पानं अडवली जातात. आणि झेड ड्राइव्ह आपल्याला डी ड्राइव्हसारखा वाटला तरी विंडोजच्या लेखी तो नेटवर्कच.

ई-३०१: म्हणजे बिघाड नाहीच? माझ्या ऑफिसमध्ये एकाने यासाठी अख्खं विंडोज फॉरमॅट केलं होतं.

ए-१०३: बिघाड नाही ताई. मुद्दाम घातलेली बंदी आहे. काका, झेडवरून फक्त ती सीएचएम फाइल कॉपी करा आणि ऑफिसच्या डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा. मग तिथून डबल क्लिक.

सी-२०१: मला यूट्यूबवर सापडलं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, मॅक्सअलाउडझोन नावाचा आकडा ३ करायचा, सगळीकडून उघडतं. तयार फाइल आहे, ग्रुपवर टाकू का? डबल क्लिक केलं की झालं.

ए-१०३: नका टाकू, कळकळीची विनंती. तो आकडा मुळात ० असतो, म्हणजे फक्त स्वतःच्या मशीनवरच्या फाइल. १ केला तर ऑफिसचं नेटवर्क, २ केला तर आपण विश्वासू म्हणून नोंदवलेल्या साइट, आणि ३ म्हणजे सगळं इंटरनेट. एका व्याजाच्या पानासाठी आपण अख्ख्या जगातल्या हेल्प फाइलला त्या मशीनवर परवानगी देऊन बसू. त्या कॉम्प्युटरवर सदस्यांची यादी आणि नोंदवही ('जे' फॉर्म, 'आय' रजिस्टर), आपल्या सगळ्यांच्या बँकेचे तपशील आहेत. आणि कोणाची तरी तयार रजिस्ट्री फाइल आत काय आहे हे न वाचता चालवणं तर त्याहून वाईट.

सी-२०१: बरोबर आहे. नाही टाकत.

बी-४०२ (खजिनदार): डी ड्राइव्हवर घेतली. तरी तेच! यादी आहे, पान नाही.

ए-१०३: ही फाइल मुळात कशी आली होती? सीडीवरून की मेलवरून?

बी-४०२ (खजिनदार): कंपनीच्या माणसाने मेलवर झिप पाठवली होती, ती आम्ही उघडून टाकली.

ए-१०३: मग तिच्यावर इंटरनेटचा शिक्का आहे. डाउनलोड झालेल्या फाइलला विंडोज एक छुपी खूण चिकटवतं, झिपमधून काढली तरी ती सोबत येते, कॉपी केली तरी जात नाही. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅब. अगदी खाली सिक्युरिटी असं लिहून ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे असं दिसेल. शेजारी अनब्लॉकचा चौकोन आहे, त्यात टिक करून ओके. ही फाइल सॉफ्टवेअरवाल्यांकडूनच आली हे तुम्हाला पक्कं माहीत आहे म्हणून सांगतोय, अनोळखी मेलमधल्या फाइलला हे अजिबात करायचं नाही.

बी-४०२ (खजिनदार): हो, तसं लिहिलेलं होतं. टिक केलं. अजूनही पान येत नाही.

ई-३०१: काका, स्क्रीनचा फोटो टाका ना, वर पत्त्याची ओळ दिसेल असा.

बी-४०२ (खजिनदार): *फोटो*

ए-१०३: सापडलं. फोल्डरला 'हिशोब #२' असं नाव दिलंय तुम्ही. सीएचएमला वाटेतल्या फोल्डरच्या नावात # चालत नाही. वेबपत्त्यात त्या चिन्हापुढचा भाग म्हणजे पानातली जागा असं धरतात, त्यामुळे फाइलचा पत्ता तिथेच तुटतो. नाव नुसतं 'हिशोब' करा.

बी-४०२ (खजिनदार): उघडलं! सगळी पानं दिसतायत. व्याजाचं पानही आहे. खूप खूप धन्यवाद.

सेक्रेटरी: दादा, पण सॉफ्टवेअरमधून हेल्पसाठी एफ१ बटण दाबलं तर?

ए-१०३: नाही येणार मॅडम. सॉफ्टवेअर झेडवरून चालतं, त्यामुळे एफ१ त्याच्याच शेजारची नेटवर्कवरची फाइल उघडायला जातं. डेस्कटॉपवर डी ड्राइव्हवरच्या फाइलचा शॉर्टकट करून ठेवा, तेवढ्याने काम भागतं. एफ१ हवंच असेल तर सॉफ्टवेअरवाल्यांना ऑफिसच्या मशीनवर नीट इन्स्टॉल करून द्यायला सांगा, डेटा तेवढा क्लब हाऊसवर राहू दे. रजिस्ट्रीत यूआरएलअलाउलिस्ट म्हणून एक नोंद असते, तिच्यात नेटवर्कवरच्या फक्त ठरावीक फोल्डरला परवानगी देता येते. तो मार्ग त्यातल्या त्यात बरा, पण तेही त्यांच्याच माणसाकडून करून घ्या, आपण हात लावायला नको. आणि नवीन व्हर्जन आलं की डीवरची कॉपी बदलायला विसरू नका, नाहीतर जुनंच वाचत राहाल.

सेक्रेटरी: ठीक आहे, आजच फोन करते.

बी-४०२ (खजिनदार): सेटिंग मिळालं. बिलिंगच्या पर्यायांत व्याजाचा प्रकार 'कंपाउंड' होता, तो 'सिंपल' केला. एका सदस्याचं बिल हाताने काढून ताडून पाहिलं, जुळलं.

डी-१०२: मग आधीच्या बिलांत जास्त व्याज लागलं त्याचं काय?

बी-४०२ (खजिनदार): ज्यांना लागलं त्यांची यादी काढतोय. फरक याच बिलात जमा दाखवू. बिलं परवाऐवजी शनिवारी निघतील.